मदत हवी आहे : बेंचच्या काठामागची भेग रुंदावतेय, मशीन कधी हटवायचं?

नमस्कार मंडळी. उघड्या खाणीत उताराच्या देखरेखीचं काम माझ्याकडे आहे. वरच्या बेंचच्या (खाणीच्या भिंतीत कापलेल्या पायरीच्या) काठामागे एक भेग पडली आहे. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज सकाळी टेपने मोजतो. आधी दिवसाला २ मिमी वाढायची, गेल्या चार दिवसांत ३, ३, ५, ७ मिमी. काल भेगेच्या कडेची माती आत ढासळलेली दिसली आणि खालच्या बेंचवर नवीन ओल. थर खाणीच्या बाजूलाच कललेले आहेत, त्यामुळे मला ही साधी पडझड वाटत नाही.

खालचं काम मी थांबवायला लावलंय, पण वरून रोज विचारणा होते, ‘नक्की कधी पडेल?’ वेगाचा व्यस्त (१ भागिले वेग) काढून काळाशी आलेख मांडला, रेषा शून्याकडे झुकतेय; ती शून्याला टेकेल तो पडण्याचा अंदाजे दिवस. पण टेपच्या मोजणीत मिलीमीटरभर चूक सहज होते. तुम्ही किती दिवसांची सरासरी धरता? एका दिवसाच्या आकड्यावर किती विसंबायचं?

दुसरं, पाण्याचं. भिंतीतलं पाणी बाहेर काढायला आडवी निचरा-छिद्रं पाडायची तर ड्रिल त्याच भिंतीखाली उभं करावं लागेल, आणि तिथे माणूस पाठवायला माझं मन धजत नाही. वरूनच पंपिंग विहीर घेऊन कुणी आतल्या पाण्याचा दाब उतरवलाय का? भेगेत पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून वरून चर खणून ते वळवलंय, तेवढंच.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम कॅन्यन खाणीत प्रचंड भूस्खलन झालं, पण हालचाल आधीच टिपून माणसं बाहेर काढली होती, म्हणून कुणालाही इजा झाली नाही. आमच्याकडे उताराची हालचाल टिपणारं रडार नाही. प्रिझम (भिंतीवर बसवलेले परावर्तक) आणि टोटल स्टेशन (त्यांचं अंतर व कोन मोजणारं सर्वेक्षण यंत्र) यांवर धोक्याची पातळी कशी ठरवता, ते कृपया सांगा.