‘जबाबदार’, ‘कारणीभूत’ की ‘पायी’? रोमिओ-ज्युलिएटच्या मरणाला मराठीत कोणता शब्द लावायचा

हरिपूरवाट

मंडळी, एका शब्दासाठी मदत हवी आहे. आमचा सांगलीतला हौशी गट ‘रोमिओ आणि ज्युलिएट’च्या शेवटच्या प्रवेशाचं मराठी वाचन करणार आहे. भाषांतर माझ्याकडे आहे. परवा तालमीत एका वाक्यावर आम्ही तासभर अडलो.

प्रसंग असा. कॅप्युलेटांच्या तळघरातल्या थडग्यापाशी माँटेग्यूंचा रोमिओ, कॅप्युलेटांची ज्युलिएट आणि आईबापांनी तिच्यासाठी ठरवलेला नवरा पॅरिस अशी तीन तरुण प्रेतं पडली आहेत. व्हेरोनाचा राजा या दोन्ही वैरी घराण्यांच्या वडीलधाऱ्यांना पुढे बोलावतो. मी लिहिलं होतं, “या मृत्यूंना तुम्हीच जबाबदार आहात.” कॅप्युलेटचं काम करणारे काका तिथेच थांबले. म्हणाले, “ताई, मी कसा जबाबदार? मी तर पोरीचं चांगल्या घरात लग्न लावत होतो.” दाईचं काम करणारी मुलगी म्हणाली की जबाबदार तो साधू लॉरेन्स, कारण औषधाची कल्पना त्याची. तिसरा म्हणाला, नशीब. चौथा म्हणाला, ती दोघंच, एवढी घाई करायची काय गरज होती.

घरी येताना लक्षात आलं की आमच्यातल्या प्रत्येकाचा ‘जबाबदार’ वेगळा होता. एकाच्या मनात ‘दोषी’ होतं, दुसऱ्याच्या मनात ‘कारण’, तिसऱ्याच्या मनात ‘ज्याने थांबवायला हवं होतं तो’. तर जबाबदार, कारणीभूत, दोषी, निमित्त यांत नेमका फरक काय? आणि राजाच्या तोंडी काय शोभेल?

कोर्टाची पायरी

रोजचे कागद हेच असल्यामुळे लिहितो. ‘जबाबदार’ म्हणजे ज्याच्याकडे जबाब आहे तो. जबाब अरबीतून आला, ‘दार’ फारसीतून, जसं दुकानदार, वतनदार. पोलीस जबाब नोंदवतात तोच हा जबाब. म्हणजे मुळात या शब्दात गुन्हा नाही. ज्याला विचारलं तर उत्तर द्यावं लागेल, तो जबाबदार. शाळेच्या सहलीत पोरगं हरवलं तर शिक्षक जबाबदार असतात, त्यांनी काही वाईट केलेलं नसलं तरी. ‘गुन्हेगार’ मात्र गुन्हा करणाराच.

‘कारणीभूत’ आमच्याकडे रोज येतो, “अपघातास कारणीभूत ठरल्याप्रकरणी गुन्हा दाखल”. तिथे हेतू धरलेला नसतो. हयगय धरलेली असते.

आता नाटक बघा. शेवटच्या प्रवेशात स्वतःच्या केल्याचा जबाब कोण देतो? एकटा लॉरेन्स. चोरून लावलेलं लग्न, बेचाळीस तास मेल्यासारखं झोपवणारं औषध, न पोचलेलं पत्र, सगळं तो क्रमाने सांगतो आणि म्हणतो की यात माझ्या चुकीने काही बिघडलं असेल तर कायद्याने माझा म्हातारा जीव घ्यावा. म्हणून शब्दाच्या मूळ अर्थाने जबाबदार तोच, कारण जबाब त्यानेच दिला. दोषी आहे का, हा पुढचा प्रश्न.

दाईचं काम करणारी

तालमीतली ती मीच. सर, तुमचा जबाब पटला, पण लॉरेन्सला इतकं मोकळं सोडू नका. ज्युलिएट जागी होते तेव्हा तो तिच्याजवळ आहे. बाहेर पहारेकऱ्यांचा आवाज येतो आणि तो म्हणतो, आता मला थांबवत नाही, आणि जातो. चौदा वर्षंही पूर्ण न झालेली मुलगी, नवऱ्याच्या प्रेताशेजारी, अंधारात, एकटी. पत्र न पोचणं त्याच्या हातात नव्हतं. थांबणं होतं.

आणि माझी दाईसुद्धा. ज्युलिएट शेवटचा आधार म्हणून तिच्याकडे बघते आणि दाई सांगते, पॅरिसशी लग्न करून टाक. त्यानंतर ती मुलगी दाईला मनातलं काहीच सांगत नाही. हे वाक्य म्हणताना दर वेळी माझा आवाज बसतो.

जुनी पोथी

‘कारणीभूत’ या शब्दात एक सुंदर गोष्ट आहे. हे संस्कृतातलं च्वी रूप. भस्मीभूत, एकीभूत, तसं कारणीभूत. या रूपाचा अर्थ ‘जे आधी तसं नव्हतं, ते तसं झालं’. लाकूड आधी भस्म नव्हतं, झालं. तसं जे मुळात कारण नव्हतं ते कारण होऊन बसलं, ते कारणीभूत. साधू जॉन मांटुआला, हद्दपार झालेल्या रोमिओकडे, लॉरेन्सचं पत्र घेऊन निघतो, सोबतीला एका साधूला घ्यायला जातो, तो आजाऱ्यांना भेटायला गेलेला असतो, साथीच्या संशयावरून शहराचे लोक त्या घराची दारं बंद करतात आणि पत्र व्हेरोनातच राहतं. बंद दाराला मृत्यूचं कारण व्हायचं नव्हतं. ते झालं. त्याला ‘कारणीभूत’ इतका नेमका दुसरा शब्द मला दिसत नाही.

‘निमित्त’ याहून हलका. गीतेच्या अकराव्या अध्यायातलं “निमित्तमात्रं भव सव्यसाचिन्” आठवा. करणारा दुसराच, तू फक्त निमित्त. मरणाच्या दारी बसायला आलेली माणसं “निमित्त झालं” म्हणतात ते कुणालाही बोल लावायचा नसतो म्हणून. हा शब्द राजाच्या तोंडी घातलात तर दोन्ही म्हातारे सुटतील.

माणदेशी

तुम्ही सगळी पुस्तकातली माणसं. आमच्याकडं यातला एकबी शब्द कुणी बोलत नाही. आमची आजी म्हणायची, “वैरापायी पोरं गेली.” झालं.

हरिपूरवाट

माणदेशी दादा, तुम्ही तर गाठच सोडवलीत! ‘पायी’ माझ्या डोक्यातच आला नव्हता.

काल रात्रभर ‘मुळे’ आणि ‘पायी’ शेजारी ठेवून बघत होते. 2019 च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी होतं, मावशीचा निरोप चार दिवसांनी पोचला. आम्ही सगळे म्हणालो, “पुरामुळे निरोप पोचला नाही.” ‘पुरापायी’ कुणी म्हणालं नाही. पण “दारूपायी घर गेलं”, “हट्टापायी शिक्षण सुटलं”, “बांधाच्या भांडणापायी दोन भाऊ कोर्टात म्हातारे झाले”. म्हणजे ‘मुळे’ नुसतं कारण सांगतो. ‘पायी’त कुणाच्या तरी मनातली ओढ, लोभ, राग असतो आणि त्याच्यासाठी काहीतरी गमावलेलं असतं. साथीमुळे पत्र पोचलं नाही. वैरापायी पोरं गेली. दोन वाक्यांत अख्खं नाटक येतं.

माणदेशी

ताई, एवढं सरळ नाही. आमच्याकडं ‘दुष्काळापायी गाव सोडलं’ म्हणतात की. दुष्काळाला कुठला लोभ? आणि ‘पोटापायी’ तर रोजचाच. पोटापायी मुंबई, पोटापायी ऊसतोड. त्यात माणसाचा दोष नाही, नाइलाज आहे.

जुनी पोथी

दादांचा मुद्दा बरोबर आहे, आणि त्याने हरिपूरवाट यांचा नियम मोडत नाही, उलट खोल जातो. पायी म्हणजे पायापाशी. ज्याच्या पायाशी आपण काहीतरी आणून ठेवलं, कधी मनाने, कधी ठेवावंच लागलं म्हणून. दारूच्या पायाशी घर ठेवलं. दुष्काळाच्या पायाशी गाव ठेवलं. दोष असेल किंवा नसेल, पण गमावणं मात्र ‘पायी’त हवंच. म्हणून “पावसामुळे पीक चांगलं आलं” असं आपण म्हणतो, “पावसापायी पीक चांगलं आलं” असं कुणी म्हणत नाही.

याच नाटकात ‘पोटापायी’ला हक्काची जागा आहे. मांटुआचा तो औषधविक्या. विष विकणाऱ्याला तिथे देहांताची शिक्षा आहे, हे तो रोमिओला सांगतो. रोमिओ चाळीस डुकाट पुढे करतो. तेव्हा तो म्हणतो की होकार माझी गरिबी देते आहे, माझं मन नाही. आणि रोमिओ म्हणतो, मी पैसे तुझ्या गरिबीलाच देतोय. मराठीत “पोटापायी देतोय, मनानं नाही” एवढं लिहिलं तरी पुरे.

कोर्टाची पायरी

याच्या जोडीला ‘हातून’ घ्या. “त्याने खून केला” आणि “त्याच्या हातून खून झाला” यांत आकाशपाताळाचं अंतर आहे. दुसऱ्या वाक्यात हात त्याचाच, इच्छेबद्दल मात्र शंका. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आणि कॅप्युलेटांकडचा टिबल्ट लढत असतात, रोमिओ थांबवायला मध्ये पडतो आणि त्याच्या हाताखालून टिबल्टची तलवार मर्क्युशिओला लागते. मर्क्युशिओ तेच विचारतो, तू मध्ये का आलास, तुझ्या हाताखालून मला वार बसला. रोमिओचं उत्तर, मी भल्यासाठीच केलं. टिबल्टने मारलं, रोमिओमुळे लागलं, वैरापायी मेला. आणि मग रोमिओने टिबल्टला मारलं, तिथे ‘हातून’ चालणार नाही. ते त्याने केलं.

हरिपूरवाट

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मग राजाचं वाक्य असं करू का, “तुमच्या वैरापायी गेली ही पोरं”?

जुनी पोथी

करा, पण आधी एक सांगू? राग मानू नका. मुळात राजा “तुम्ही जबाबदार” असं कुठे म्हणतच नाही. तो दोघांना नावाने हाका मारतो आणि म्हणतो की बघा, तुमच्या द्वेषावर कसा आसूड ओढला गेलाय, तुमची सुखं मारायला देवाला प्रेमच सापडलं. आसूड स्वर्गाचा, हत्यार प्रेमाचं, पण आसूड पडला तो ‘तुमच्या द्वेषावर’. भांडण त्या एका षष्ठीत आहे. तुमचं भाषांतर ते चपटं करून टाकत होतं.

आणि पुढचं वाक्य तर कुणी लक्षातच घेत नाही. राजा स्वतःलाही सोडत नाही. तुमच्या भांडणांकडे मी काणाडोळा केला म्हणून माझेही दोन नातलग गेले, असं म्हणतो. ते दोघे मर्क्युशिओ आणि पॅरिस. इथे ‘दुर्लक्ष’ लिहू नका. दुर्लक्ष नकळतही होतं. काणाडोळा जाणून केलेला असतो. पहिल्याच अंकात याने रस्त्यावरची मारामारी थांबवून, पुन्हा शांतता मोडली तर जीव घेईन, असा दम दिला होता. म्हणजे त्याला माहीत होतं.

मग तो म्हणतो, सगळ्यांनाच शिक्षा झाली. आणि अगदी शेवटी, काहींना माफी मिळेल, काहींना शिक्षा. कुणाला काय, ते सांगत नाही. शेक्सपिअरने ही गोष्ट ज्या आर्थर ब्रुकच्या 1562 च्या काव्यावरून घेतली, तिथे निवाडा स्पष्ट आहे. दाईला हद्दपारी, औषधविक्याला फाशी, लॉरेन्स सुटतो. आणि प्रस्तावनेत ब्रुक बोल लावतो तो त्या दोघांनाच, आईबापांचं ऐकलं नाही म्हणून. शेक्सपिअरने हा हिशेब पुसला. शिक्षेची पाटी कोरी ठेवली आणि म्हणून आज आपण त्यावर भांडतो आहोत.

दाईचं काम करणारी

फाशी औषधविक्याला, हद्दपारी दाईला. गरिबांनाच. कॅप्युलेटला काही नाही. बरं झालं ते पुसलं.

माणदेशी

मग त्या दोघांचं काय? घाई त्यांना नडली, हे कुणी म्हणणार की नाही? आमच्यात ‘नडणे’ फार चालतो. गर्व नडला, घाई नडली.

हरिपूरवाट

दादा, हा शब्द मी घेणार होते, पण मग सोडला. नडणे, भोवणे, अंगाशी येणे, या सगळ्यांत ज्याचं केलं त्यालाच भरावं लागतं. वाईट वाटतं पण न्याय झाल्यासारखंही वाटतं. त्या दोघांची घाई खरी आहे. लॉरेन्सही सांगतो की धावणारा ठेचकाळतो. पण सगळ्यात मोठी घाई कुणी केली? गुरुवारचं लग्न कॅप्युलेटने बुधवारवर आणलं. त्यामुळे औषध एक रात्र आधी घ्यावं लागलं. तरी “कॅप्युलेटला घाई नडली” असं म्हणावंसं वाटत नाही, कारण किंमत दुसऱ्याने भरली. जिथे करणारा एक आणि मरणारा दुसरा, तिथे ‘नडणे’ तोकडा पडतो. तिथेच ‘पायी’ लागतो. म्हाताऱ्यांच्या वैरापायी पोरं.

ज्या गावात 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, त्या गावातले लोक कान देऊन ऐकणार आहेत. ओढूनताणून आणलेला शब्द इथे लगेच कळतो. म्हणून एवढा जीव टाकतेय.

कोर्टाची पायरी

एक राहिलं. शेवटी कॅप्युलेट स्वतःच म्हणतो की ही पोरं म्हणजे आमच्या वैराचे बिचारे बळी. ते कसं केलंय?

हरिपूरवाट

“आमच्या वैरात बळी गेली बिचारी.”

कोर्टाची पायरी

‘बळी गेली’त देणारा दिसत नाही. पूर येतो, बळी जातात. ‘बळी दिली’ म्हटलं की हात दिसतो.

हरिपूरवाट

आज तालीम झाली. राजाचं वाक्य आता असं आहे: “कॅप्युलेट, माँटेग्यू, बघा. तुमच्या द्वेषावर हा आसूड पडलाय. तुमची सुखं मारायला देवाला प्रेमच सापडलं. तुमच्या वैरापायी गेली ही पोरं. आणि मी काणाडोळा केला, म्हणून माझीही दोन माणसं गेली.” ‘वैरापायी’चं वाक्य मुळात नाही, ते मी ठेवलंय, माणदेशी दादांच्या आजींसाठी.

कॅप्युलेट काकांना दोन्ही वाक्यं लिहून दिली, ‘बळी गेली’ आणि ‘बळी दिली’, म्हटलं तुम्हाला म्हणवेल ते म्हणा. त्यांनी कागद बराच वेळ हातात धरला. मग ज्युलिएटचं काम करणारी मुलगी जिथे आडवी झाली होती तिथे जाऊन खाली बसले आणि हळू म्हणाले, “आम्ही बळी दिली.” ‘आम्ही’ त्यांनी स्वतःहून घातला. तो मी आता संहितेत लिहून घेतलाय.