नऊ महिने पूर्ण झाले, 14 आठवड्यांच्या लसी राहिल्यात. सगळं एकाच दिवशी द्यावं का?

प्राजक्ता_नगर
बाळ सव्वानऊ महिन्यांचं आहे, वजन 8 किलो. जन्मावेळच्या, 6 आणि 10 आठवड्यांच्या लसी कार्डावर आहेत. 14 आठवड्यांच्या चुकल्या. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका म्हणतात की राहिलेलं आणि गोवराचं मिळून एकाच बुधवारी देऊ, म्हणजे चार सुया. सासूबाईंचं म्हणणं, एवढं एकदम नको, महिन्या-महिन्याने द्या. त्यात बाळाला सर्दी आहे. आधी गोवर द्यावा की आधी पेंटा (पाच आजारांवरची एकत्रित लस)?

लसटोचक
प्राजक्ताताई, आरोग्यसेविका बरोबर सांगताहेत. आधी-नंतर करू नका, त्याच दिवशी सगळं घ्या.

चार सुयांना चार जागा मिळतात: पेंटाचा तिसरा डोस डाव्या मांडीत, न्यूमोकोकलचा (न्यूमोनियाविरुद्धची लस) दुसरा उजव्या मांडीत, गोवर-रुबेला उजव्या दंडात कातडीखाली आणि पोलिओचं 0.1 मिलीचं इंजेक्शन डाव्या दंडात कातडीच्या थरात. पोलिओचे 2 थेंब आणि रोटा (जुलाबाच्या विषाणूवरची लस) तोंडावाटे, शिवाय जीवनसत्त्व अ 1 मिली, म्हणजे 1 लाख युनिट. तोंडावाटे द्यायचं ते आधी उरकतात. सुया टोचल्यावर रडणारं बाळ थेंब थुंकून टाकतं. दोन सुया एकाच मांडीत द्याव्या लागल्या तरी चालतं, मध्ये निदान एक इंच अंतर हवं. मात्र दोन लसी एका सिरिंजमध्ये कधीही एकत्र करायच्या नाहीत.

मागचे डोस वाया गेलेले नाहीत. उशीर झाला म्हणून पेंटा पहिल्यापासून सुरू करत नाहीत, जिथे थांबलं तिथून पुढे. न्यूमोकोकलचा बूस्टर मात्र या डोसानंतर निदान 8 आठवड्यांनी. पोलिओच्या तिसऱ्या इंजेक्शनची तारीख त्याच दिवशी कार्डावर लिहून घ्या.

वाचक_कोल्हापूर
पण जिवंत लसींमध्ये 4 आठवड्यांचं अंतर लागतं असं ऐकलंय. गोवर जिवंत, रोटा जिवंत, पोलिओचे थेंबही जिवंत. मग?

डॉ_मांडवी
नियम खरा आहे, पण तो फक्त टोचायच्या दोन जिवंत लसींना लागू होतो. गोवर-रुबेला आणि कांजण्या, किंवा गोवर-रुबेला आणि जपानी मेंदूज्वराची जिवंत लस (विदर्भातल्या काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लस नियमित कार्यक्रमात आहे): एक तर दोन्ही एकाच दिवशी, नाहीतर मध्ये पूर्ण 28 दिवस. कारण पहिल्या लसीने शरीर काही दिवस सावध होतं आणि त्या काळात दुसऱ्या लसीचा विषाणू नीट वाढत नाही, म्हणून ती पकडत नाही. चुकून 15 दिवसांनी दिली तर बाळाला अपाय होत नाही, पण दुसरी लस धरायची नाही. पुन्हा द्यावी लागते.

तोंडावाटे दिलेल्या रोटा-पोलिओला हे बंधन नाही. पेंटा, न्यूमोकोकल आणि टोचायचा पोलिओ निर्जीव, त्यांचं कोणाशी वैर नाही. एकाच लसीच्या दोन डोसांमधलं किमान अंतर मात्र वेगळं, ते पाळायचंच.

रोटाबद्दल दोन मतं ऐकू येतील. सरकारी कार्यक्रमात पहिला डोस वर्षाच्या आत झाला असेल तर उरलेले पूर्ण करतात. खासगी बालरोगतज्ज्ञ बहुधा 8 महिन्यांनंतर देत नाहीत. आतड्यात आतडं अडकण्याचा त्रास पूर्वी झाला असेल तर रोटा नाहीच.

सर्दीसाठी थांबू नका. अंगात जास्त ताप असेल, बाळ मलूल असेल, तरच पुढे ढकला. अलीकडे रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलं असेल तर आधी सांगा; त्यानंतर गोवराची लस काही महिने थांबवतात. क्षयाची त्वचाचाचणी करायची असेल तर ती गोवर-रुबेलाच्याच दिवशी, नाहीतर 4 ते 6 आठवड्यांनी, कारण मधल्या काळात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

सासूबाईंना एवढंच सांगा की महिन्या-महिन्याने देण्याने त्रास कमी होत नाही, तेवढे महिने बाळ उघडं राहतं. आणि गोवर वाट पाहत नाही.

औषधवाला_काका
तापाच्या औषधात गफलत होते ती मापाची. पॅरासिटामॉल किलोमागे 10 ते 15 मिलीग्रॅम, म्हणजे 8 किलोला 80 ते 120. बाटलीवर वाचा: 1 मिलीत 100 मिलीग्रॅमचे थेंब असतील तर 1 मिली, 5 मिलीत 120 चं सिरप असेल तर 4 मिली, 5 मिलीत 250 चं असेल तर 2 मिलीच. थेंबांची बाटली सिरपच्या चमच्याने दिली की डोस पाचपट होतो. ताप आल्यावरच द्या, दोन डोसांत 6 तास, दिवसात जास्तीत जास्त 4 वेळा. टोचण्याआधीच पाजू नका. काही लसींचा परिणाम त्याने थोडा कमी होतो.

कोणी लस दुकानातून घेऊन घरून नेत असेल तर ती बर्फाला थेट टेकवू नका. पेंटा, न्यूमोकोकल गोठली की निकामी, आणि वितळल्यावर वरवर पाहून कळेलच असं नाही. 2 ते 8 अंश.

प्राजक्ता_नगर
खूप आभार. ताप किती दिवस धरायचा?

लसटोचक
पेंटाचा ताप बहुधा पहिल्या दोन दिवसांतला. गोवर-रुबेलाचा उशिरा येतो, साधारण 7 ते 12 दिवसांनी, कधी अंगावर बारीक पुरळ घेऊन. घाबरू नका, पण त्याच सुमारास दुसऱ्या कशाचाही ताप येऊ शकतो, म्हणून दोन दिवसांत उतरला नाही तर दाखवा. मांडीवर गाठ आली तर थंड ओलं फडकं. चोळायचं नाही, हळद लावायची नाही.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. तीन तासांवर सलग रडणं, झटका, बाळ लुळं पडणं, श्वासाला त्रास किंवा ओठ-चेहरा सुजणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. गोवर-रुबेलाची कुपी मिसळल्यापासून 4 तासांतच वापरतात. कुपीवर वेळ लिहिलेली असते, ती बघायला बिनधास्त मागा.