कोलकात्याची डर्बी मैदानात जाऊन पाहायची आहे : कुठे बसावे, आणि मुंबईत असा सामना का रुजला नाही?

निळा अंधेरीकर

नमस्कार मंडळी. मी मुंबई सिटी या फुटबॉल क्लबाचा पाठीराखा असून अंधेरीच्या मैदानावरील घरचे सामने शक्यतो चुकवत नाही. या मोसमातील मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल ही डर्बी, म्हणजे एकाच शहरातील दोन कट्टर प्रतिस्पर्धी संघांचा सामना, कोलकात्याला जाऊन सॉल्ट लेकच्या मैदानात पाहायचा, असे मी आणि माझ्या मावसभावाने ठरवले आहे. आजवर ही डर्बी आम्ही केवळ पडद्यावर पाहिली आहे आणि समालोचकाचा आवाज कितीही वाढवला तरी मागचा गलका त्याच्यावर मात करतो, एवढाच आमचा अनुभव आहे. सामना जसजसा जवळ येत आहे तसतसे आमचे कार्यालयातील लक्ष उडाले आहे.

आम्ही दोघेही कोणत्याच बाजूचे नाही. त्यामुळे कोणत्या बाजूच्या गॅलरीचे तिकीट काढावे, मुंबई सिटीची निळी जर्सी घालून गेल्यास चालेल काय, आणि प्रवासाचे आरक्षण किती आधी करावे, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

दुसरा प्रश्न जरा मोठा आहे. ज्या शहरात १८९१ पासून रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा खेळली गेली, त्या शहरातच एकमेकांसमोर उभे ठाकणारे दोन संघ का निर्माण झाले नाहीत? पुणे सिटीविरुद्धच्या सामन्याला ‘महाराष्ट्र डर्बी’ म्हणण्याचा प्रयत्न झाला. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर आंद्रे मोरित्झने तीन गोल केले आणि आपण ५-० ने जिंकलो, तेव्हा आता काहीतरी सुरू होत आहे असे मलाही वाटले होते. पुढे २०१९ मध्ये पुण्याचा संघच बंद झाला आणि त्याबरोबर ती डर्बीही संपली, पण तिच्यासाठी कोणी हळहळल्याचे मात्र दिसले नाही.

दमदम ते दहिसर

अंधेरीकर, बँकेच्या बदलीमुळे मी काही वर्षे कोलकात्यात राहिलो आहे, त्यामुळे पहिल्या भागाचे उत्तर देतो.

निळी जर्सी घरीच ठेवावी. १३ मार्च २०२१ रोजी गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) अंतिम सामन्यात मुंबईच्या बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल करून बागानच्या तोंडचा घास काढून घेतला, हे तिकडचे लोक विसरलेले नाहीत. २०२४ मध्ये तर १५ एप्रिलला याच सॉल्ट लेकवर मुंबईला २-१ ने हरवून बागानने शील्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाचा मान) जिंकली आणि तीन आठवडेही उलटले नसताना, ४ मे रोजी, त्याच मैदानावर अंतिम सामन्यात एका गोलने मागे पडलेल्या मुंबईने ३-१ असा विजय मिळवून चषक नेला. बागानच्या हिरव्या-मरून बाजूला आपण निळ्या रंगात बसलात तर कोणी मारणार नाही, पण नव्वद मिनिटे आपल्याला जी बंगाली ऐकावी लागेल ती समजली नाही तरच बरे. ईस्ट बंगालच्या लाल-सोनेरी बाजूला मात्र काही न करता आपले कौतुक होईल, कारण तोच बिपिन सिंग २०२५ मध्ये ईस्ट बंगालकडे गेला. सर्वांत सोयीचे म्हणजे पांढरा किंवा राखाडी सदरा. लाल, पिवळा, हिरवा यांपैकी काहीही अंगावर असेल तर तुम्ही कोणीतरी आहात असे तिथे गृहीत धरले जाते.

बाजू कोणती निवडावी हे मी सांगणार नाही, पण बिनधास्त ओरडायचे असेल तर ईस्ट बंगालच्या बाजूला जावे. वारंवार हरणाऱ्या बाजूची गॅलरी अधिक बोलकी असते, असे माझे निरीक्षण आहे.

आरक्षणाबाबत मात्र खरोखर सावध राहावे. या सामन्याला लागणारा पोलीस बंदोबस्त एवढा मोठा असतो की तो मिळाला नाही तर सामनाच हलवला जातो. जानेवारी २०२५ मधील डर्बी गंगासागर मेळ्यामुळे पोलीस उपलब्ध नसल्याने गुवाहाटीत खेळवली गेली. ऑगस्ट २०२४ मधील ड्युरँड कपची डर्बी तर आर. जी. कर रुग्णालयाच्या प्रकरणानंतर रद्दच झाली, आणि त्या दिवशी एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन्ही क्लबांचे पाठीराखे मैदानाबाहेर एकत्र येऊन न्याय मागत उभे राहिले. तेव्हा पैसे परत मिळतील असेच विमानाचे किंवा हॉटेलचे आरक्षण करावे आणि सामन्याला पोलिसांची परवानगी मिळाल्याची बातमी येईपर्यंत थांबावे. रेल्वेने जाणार असाल तर हावड्याहून आता मेट्रो थेट सॉल्ट लेक स्टेडियम स्थानकापर्यंत जाते. सामना सुटल्यावर मात्र त्या स्थानकात शिरण्याची घाई करू नये.

कूपरेजचा जुना प्रेक्षक

आपल्या दुसऱ्या प्रश्नाने मला लिहिते केले. मुंबईत फुटबॉल नव्हता म्हणून डर्बी झाली नाही, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. हारवुड लीग होती, नाडकर्णी चषक होता, मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, आरसीएफ, दोन्ही रेल्वे आणि पुढे महिंद्र असे एकापेक्षा एक सरस संघ होते. अडचण अशी की हे सगळे संघ कचेऱ्यांचे आणि गिरण्यांचे होते. खेळाडूला नोकरी मिळे, कंपनीला नाव मिळे, आणि प्रेक्षकाला चांगला खेळ पाहायला मिळे, पण त्या प्रेक्षकाचा संघावर कसलाही हक्क नसे. तो सभासद नव्हता, त्याला मत नव्हते, आणि कंपनीने खेळावरचा खर्च बंद करायचे ठरवले तर जाब विचारायला त्याला दारही नव्हते. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ बंद झाला. राष्ट्रीय विजेता संघ चार वर्षांत नाहीसा होतो आणि शहरातील वाहतूक एक मिनिटही खोळंबत नाही, यातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

आजच्या तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल, पण २००८-०९ च्या आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातील मुख्य लीग) बारा संघांपैकी तीन एकट्या मुंबईचे होते : महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी. म्हणजे शहरातील शहरात सामने कूपरेज मैदानावर होतच होते. मी ते पाहिले आहेत. खेळ चुरशीचा होत असे, पण एका बाजूचा गोल झाला म्हणून दुसऱ्या बाजूच्या माणसाला रात्री जेवण गेले नाही, असे काही घडत नसे. खालिद जमील महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळले, मग मुंबई एफसीकडून खेळले आणि त्याच संघाचे अनेक वर्षे प्रशिक्षकही राहिले, तरी त्यांना कोणी गद्दार म्हटल्याचे माझ्या कानावर आले नाही. कोलकात्यात एखादा खेळाडू या क्लबातून त्या क्लबात गेला की किती गहजब होत असे, हे दमदमकर सांगू शकतील.

उरलेले निम्मे उत्तर माझ्या मते असे आहे. रोव्हर्सच्या दिवसांत कूपरेज भरत असे ते बाहेरचे संघ आल्यावर. धोबीतलाव आणि वांद्र्याची गोवेकर मंडळी धेंपो, साळगावकर, वास्को यांच्यासाठी येत, मदनपुरा आणि महंमद अली रोडवरून मोहम्मेडन स्पोर्टिंगचे चाहते येत, बंगाली कुटुंबे बागान आणि ईस्ट बंगालसाठी येत. मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसाने आपली निष्ठा गावाकडच्या संघाशीच ठेवली. कोलकात्यात नेमके उलटे घडले. पूर्व बंगालातून आलेल्या माणसाने त्या शहरातच आपला क्लब काढला आणि जुन्या रहिवाशांच्या क्लबाला त्यांच्याच मैदानात आव्हान दिले. पाहुणा यजमानाच्या ओसरीवर बसून त्याच्याशीच पंजा लढवू लागला की जी मजा येते, ती आपल्याकडे आलीच नाही.

मुंबईकराला मोहल्ल्यापुरती ईर्ष्या ठाऊक नव्हती असेही नाही. दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क जिमखाना हा क्रिकेटचा सामना असला की माटुंग्याच्या दडकर मैदानाभोवती कशी गर्दी होई, हे पाहिलेले लोक अजून आहेत. एका बाजूला गावसकर आणि वेंगसरकर, दुसऱ्या बाजूला वाडेकर आणि पुढे संदीप पाटील, आणि दोन्ही क्लबांमध्ये चालत जाण्याएवढे अंतर. आमची डर्बी ती होती. फक्त ती पांढऱ्या कपड्यांत खेळली जात असे.

मुलुंडची सून

काकांचे विवेचन पटले, पण एक दुरुस्ती सुचवते. घोटी (पश्चिम बंगालचे जुने रहिवासी) म्हणजे बागान आणि बांगाल (पूर्व बंगालातून आलेले) म्हणजे ईस्ट बंगाल, ही विभागणी फाळणीतून आली असे सर्रास लिहिले जाते. ईस्ट बंगाल क्लब १ ऑगस्ट १९२० चा आहे, म्हणजे फाळणीच्या सत्तावीस वर्षे आधीचा. जोडाबागान क्लबाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळले, त्या रागातून सुरेशचंद्र चौधरी बाहेर पडले आणि त्यांनी सहकाऱ्यांसह नवा क्लब काढला. २८ मे १९२५ रोजी कलकत्ता लीगमध्ये दोघांची पहिली गाठ पडली आणि नेपाळ चक्रवर्तींच्या गोलवर ईस्ट बंगाल जिंकला. फाळणीनंतर सर्वस्व सोडून आलेल्या लाखो लोकांना हा क्लब आयताच आपला वाटला, त्यामुळे ती ईर्ष्या शतगुणित झाली, हे मात्र खरे. समोर १९११ साली अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवणारा, आयएफए शील्ड जिंकणारा क्लब होता. त्याच्यावर मिळवलेला एकेक विजय निर्वासिताला किती मोलाचा वाटत असेल, हे माझ्या सासऱ्यांकडे पाहून कळते.

मी मूळची गिरगावची, सासर मुलुंडला, आणि सासरे ईस्ट बंगालचे कट्टर. डर्बीच्या आठवड्यात आमच्या घरी कोळंबी शिजत नाही, कारण ती बागानवाल्यांची. जिंकले तर हिल्सा मासा येतो, मग भाव काहीही असो. मी जन्माने सोडे-कोळंबीच्या घरातली असल्याने माझी निष्ठा आजही संशयास्पद मानली जाते. माझा मुलगा मात्र बागानचा झाला आहे, कारण त्याने पाहिलेल्या काळात जिंकत तेच आले. कोलकात्यातही नव्या पिढीत आजोबा कुठल्या जिल्ह्यातले यावर क्लब ठरतोच असे नाही. जमशेद नासिरी ईस्ट बंगालचे गाजलेले खेळाडू, आणि त्यांच्या मुलाने, कियान नासिरीने, जानेवारी २०२२ च्या डर्बीत बागानकडून उतरून ईस्ट बंगालवरच तीन गोल चढवले. ती संध्याकाळ आमच्या घरी फार अवघड गेली.

आकडेमोड्या

भावना बाजूला ठेवून आगामी सामन्याकडे पाहू. २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच मोसमांत आयएसएलमध्ये दोघांत दहा डर्बी झाल्या. त्यांपैकी नऊ बागानने जिंकल्या आणि एक २-२ अशी बरोबरीत सुटली. हे वाचून निकाल आधीच ठरला आहे असे वाटेल, पण लीगबाहेर चित्र वेगळे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ड्युरँड कपमध्ये ईस्ट बंगालने साडेचार वर्षांनी डर्बी जिंकली, जानेवारी २०२४ मध्ये सुपर कपमध्ये ३-१ ने हरवले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ड्युरँडच्या उपांत्यपूर्व फेरीत दिमित्रिओस दियामांताकोसच्या दोन गोलांवर २-१ ने बाहेर काढले. अर्थात २०२३ च्या ड्युरँड अंतिम सामन्यात दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या बागानने १-० ने बाजी मारली होती, हेही नोंदवायला हवे.

वरचढ संघ या सामन्यात आपटल्याचे सर्वांत मोठे उदाहरण १३ जुलै १९९७ चे आहे. फेडरेशन कपची उपांत्य फेरी होती, प्रशिक्षक अमल दत्त यांनी बागानच्या खेळाडूंच्या केलेल्या ‘डायमंड’ रचनेचा बोलबाला होता, आणि प्रशिक्षक पी. के. बॅनर्जींच्या ईस्ट बंगालने भायचुंग भूतियाच्या तीन गोलांसह त्यांना ४-१ ने लोळवले. मैदानात १ लाख ३१ हजार प्रेक्षक होते. आता त्याच मैदानाची क्षमता सुमारे ६८ हजार आहे, त्यामुळे तिकिटासाठी झुंबड उडते ती वेगळीच. गंमत म्हणजे बॅनर्जी स्वतः खेळाडू म्हणून दोघांपैकी एकाही क्लबात नव्हते. ते ईस्टर्न रेल्वेचे, आणि त्या संघाने १९५८ साली कलकत्ता लीग जिंकली होती. म्हणजे काका, कचेऱ्यांचे संघ तिकडेही होते, पण लोकांनी त्यांना जीव लावला नाही.

निळा अंधेरीकर

सर्वांचे मनापासून आभार. निळी जर्सी कपाटात गेली आहे आणि परत करता येणारे तिकीटच काढायचे ठरले आहे. मावसभाऊ आकड्यांवर भाळून बागानच्या बाजूला बसायचे म्हणतो, मला दमदमकरांचे म्हणणे पटले आहे, त्यामुळे बहुधा आम्ही दोघे वेगवेगळ्या गॅलरीत बसू. एक शंका राहिली. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवरील याच सामन्यात सोळा प्रेक्षकांचा मृत्यू झाल्याचे वाचून घरी आईला काळजी वाटू लागली आहे. तिला काय सांगावे?

दमदम ते दहिसर

त्या दुर्घटनेच्या वेळी दोन्ही क्लबांचे लोक एकाच सज्जात मिसळून बसले होते, आणि दोन खेळाडूंना बाहेर काढल्यावर मैदानातील भांडण वर पोहोचले. आज दोन्ही बाजूंचे भाग निराळे असतात, प्रवेशद्वारे निराळी असतात आणि मध्ये पोलीस असतात, हे आईंना सांगावे. त्यामुळेच आपण दोघे भाऊ वेगवेगळ्या गॅलरीत बसणार असाल तर सामना संपल्यावर प्रवेशद्वारापाशी एकमेकांना शोधत बसू नये, कारण तेव्हा फोन लागेलच याची खात्री नसते. भेटायची जागा आधीच ठरवावी, आणि ती मैदानापासून जरा लांबची असावी. निकालाबद्दल विचाराल तर माझ्या मते २-१, आणि शेवटचा गोल ऐंशीव्या मिनिटानंतर.

मुलुंडची सून

२-१ कोणाचा, तेही लिहा. सासरे विचारत आहेत.