मदत हवी आहे: फिटच्या गोळीने मुलीच्या हिरड्या वाढल्यात, आधी औषध बदलायचं की हिरड्या कापायच्या?

मुलगी नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी) आहे. फिटसाठी बरीच वर्षं फेनिटॉइन चालू आहे. फिट आटोक्यात आहेत, त्यामुळे त्या गोळीविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. पण हिरड्या इतक्या वाढल्यात की वरचे पुढचे दात जेमतेम अर्धे दिसतात. ब्रश लावला की रक्त. त्यात ती तोंडाने श्वास घेते, म्हणून पुढच्या हिरड्या सदा कोरड्या आणि लाल. एक पक्का दात हिरडीखालीच अडकलाय.

दातांचे डॉक्टर म्हणतात, पूर्ण भूल देऊन कापू. न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात, औषधाला हात नको. पुन्हा वाढणारच असेल तर भूल कशाला द्यायची? "नीट ब्रश करा" एवढंच कृपया सांगू नका, तिच्या तोंडात बोट घालणं काय असतं ते आम्हालाच ठाऊक.

प्रतिसाद: मी लहान मुलांचे दात बघते. हा दुष्परिणाम १९३९ पासून माहीत आहे, फेनिटॉइन घेणाऱ्या साधारण निम्म्या लोकांत दिसतो. गोळी तीच राहिली तर कापलेली हिरडी परत वाढू शकते, तुमची शंका रास्त आहे. म्हणून दोन्ही डॉक्टरांना थेट एकमेकांशी बोलायला लावा, निरोप्याचं काम तुम्ही करू नका. लेव्हेटिरासिटाम, लॅमोट्रिजिन या फिटच्याच दुसऱ्या औषधांनी सहसा हिरड्या वाढत नाहीत. तिला काय चालेल ते मात्र न्यूरॉलॉजिस्टच ठरवतील. आपल्या मनाने गोळी एक दिवसही चुकवू नका, फिट थांबेनाशी होऊ शकते.

औषध बदललं तर एरवी सहा महिने ते वर्षभर थांबून बघता येतं. दात अडकलाय, म्हणून तुमच्याकडे इतकं थांबणं कदाचित परवडणार नाही. भूल दिलीच तर किडलेले दात आणि सफाईही त्याच वेळी उरकून घ्या. व्हॅल्प्रोएट (हेही फिटचंच औषध) चालू असेल तर आधी प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, तपासायला सांगा.

आणि ब्रश, माफ करा, सांगावंच लागतं. मुलीचं डोकं मांडीवर घेऊन मागून करा. दाताच्या तिन्ही बाजू एकदम घासणारा ब्रश मिळतो. थुंकता येत नसेल तर क्लोरहेक्सिडीन (तोंडाचं जंतुनाशक औषध) गॉझवर घेऊन हिरड्यांना पुसा. तेही डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस, त्याने दात तपकिरी होतात.

धागाकर्ती: मागून करून बघते. रक्त येईल त्या दिवशी ब्रश बंद ठेवू का?

प्रतिसाद: नको. बहुतेक वेळा किटण साचल्यानेच रक्त येतं. मऊ ब्रशने, हलक्या हाताने चालू ठेवा. थांबतच नसेल तर लगेच दाखवा.