हॉटेलातली गोष्टींची मैफल: ऐन रंगात येणारा व्यत्यय कसा टाळावा?

प्रश्न: ओळखीच्या हॉटेलमालकांनी महिन्यातली एक संध्याकाळ द्यायचं कबूल केलंय. खुर्च्या चाळीसेक, सांगणारे आठ. मागच्या खेपेला एक काकू वडिलांच्या शेवटच्या पत्राबद्दल सांगत होत्या. सगळे अगदी स्तब्ध. नेमकं तेव्हाच शेजारच्या टेबलावर बिल आलं, सुट्ट्या पैशांची खळखळ झाली. काकू थांबल्या, मग सूर लागलाच नाही. मला ते अजून सलतंय.

उत्तर १: ऑर्डरी आधीच घ्या. गोष्ट चालू असताना वाढप आणि बिलं बंद. चार गोष्टी झाल्या की वीस मिनिटांचं मध्यंतर ठेवा. मालकांचा धंदा तेव्हा होतो, म्हणून तेही राजी होतात. आणि सांगणाऱ्याला स्वयंपाकघराच्या दारापासून लांब उभं करा, पाठीशी भिंत हवी.

उत्तर २: वेळही बांधून द्या. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या 'द मॉथ' या गोष्टी सांगण्याच्या उपक्रमाच्या स्पर्धांमध्ये प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. गोष्ट स्वतःची, खरी, हातात कागद नाही.

प्रश्नकर्ती: मध्यंतराचं मालकांशी आजच बोलते. पहिली गोष्ट काकूंचीच, त्यांना फोन केलाय.