मदत हवी आहे: कोलेस्टेरॉल वाढलेलं असताना ईईसीपीने रक्तवाहिन्यांच्या अस्तराला किती फायदा होतो?

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांना ईईसीपी (एन्हान्स्ड एक्स्टर्नल काउंटरपल्सेशन), म्हणजे पायांना हवेचे पट्टे बांधून बाहेरून दाब देत हृदयाचा रक्तपुरवठा सुधारण्याचा उपचार सुचवला आहे. निर्णय घेण्याआधी ज्यांनी तो स्वतः घेतला, घरच्या कोणाला दिला, किंवा जे वैद्यकीय क्षेत्रात आहेत त्यांच्याशी बोलायचं आहे. सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

बाबा ६८ वर्षांचे, सांगलीत राहतात. मी पुण्यात असते. त्यांची बायपास होऊन बरीच वर्षं झाली. आता जिना चढला किंवा जेवणानंतर फिरायला निघाले की छातीत भरून येतं, थांबलं की ओसरतं. नव्या अँजिओग्राफीत एक जुना ग्राफ्ट, म्हणजे बायपासमध्ये जोडलेली वाहिनी, बंद आढळला. मूळच्या धमन्या टोकाकडे बारीक आहेत आणि त्यांत कॅल्शियम साचलं आहे. स्टेंट टाकण्यासारखी जागा नाही आणि दुसऱ्यांदा छाती उघडण्यात जोखीम जास्त, असं त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टचं मत आहे. मधुमेहही आहे. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४२. मध्यंतरी कोणाच्या तरी सांगण्यावरून बाबांनी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी बंद केली होती, त्याचा हा परिणाम.

गोळ्या नीट चालू करून, त्रास राहिलाच तर ईईसीपीचा विचार करा, असं कार्डिऑलॉजिस्ट म्हणाले. हे मला पटलं. पण ज्या सेंटरमध्ये चौकशी केली तिथे वेगळंच ऐकायला मिळालं. ३५ बैठका झाल्या की धमन्या आतून साफ होतात आणि मग कोलेस्टेरॉलच्या गोळ्या लागत नाहीत, असं त्यांनी बाबांसमोर ठामपणे सांगितलं. बाबांना गोळ्यांचा कंटाळा आहेच, त्यामुळे हे वाक्य त्यांच्या मनात पक्कं बसलंय. माझी खरी काळजी हीच आहे.

मी वाचून जे समजून घेतलं ते मांडते. चुकत असेल तर जाणकारांनी जरूर दुरुस्त करावं.

रुग्णाला पलंगावर झोपवून पोटऱ्या, मांड्यांचा खालचा भाग आणि वरच्या मांड्या व नितंब अशा तीन ठिकाणी हवेचे पट्टे बांधतात. ईसीजीच्या तालावर, हृदय शिथिल होतं त्या क्षणी हे पट्टे खालून वर एकापाठोपाठ एक फुगतात आणि पुढचा ठोका पडायच्या आत एकदम सैल होतात. दाब ३०० मि.मी. पाऱ्यापर्यंत नेतात. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त मुख्यतः शिथिल होण्याच्या काळातच जातं, म्हणून नेमक्या त्या वेळी मागून रेटा मिळतो. पट्टे सैल झाल्यावर पुढे रक्त ढकलायला हृदयाला कमी जोर लावावा लागतो. रोज एक तास, आठवड्याचे पाच दिवस, सात आठवडे, अशा ३५ बैठका असतात.

अस्तराचा संबंध इथे येतो. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. वाहतं रक्त या थराला घासून जातं आणि त्या घर्षणाचा ताण, म्हणजे शिअर स्ट्रेस, पेशींना जाणवतो. प्रवाह जोरकस आणि एका दिशेने असला की पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, वाहिनी सैलावते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट भिंतीला चिकटत नाहीत. कृष्णेच्या वळणावर पाणी घुटमळतं तिथेच गाळ धरतो, तसंच धमन्यांच्या फाट्यांवर आणि वळणांच्या आतल्या बाजूला चरबीचे थर आधी बसतात. आपल्याच शरीराचा एक वायू वाहिन्या सैल करतो या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड हे ते तिघे.

एलडीएल वाढलं की हीच यंत्रणा बिघडते. एलडीएल अस्तराखाली शिरतं, तिथे त्याचं ऑक्सिडेशन होतं, पेशी चिकट होतात आणि नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. कोलेस्टेरॉल जास्त असणाऱ्यांच्या रक्तात एडीएमए नावाचा पदार्थ वाढलेला असतो आणि तो नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतो. अँजिओग्राफीत ब्लॉकेज दिसण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू असतं.

ईईसीपीवरचा नेमका असा प्रयोग चीनमधल्या संशोधकांनी डुकरांवर केला. तो २००७ मध्ये सर्क्युलेशन या नियतकालिकात आला. एकूण ३५ डुकरं होती. काहींना साधा आहार, काहींना भरपूर कोलेस्टेरॉलचा, आणि काहींना तसाच आहार देऊन जोडीला ईईसीपी. यंत्र चालू असताना शिथिल काळातला शिअर स्ट्रेस साधारण २४ वरून ५० डाइन प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास गेला, म्हणजे दुप्पट. ज्यांना ईईसीपी मिळालं त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत आतल्या थराची जाडी कमी वाढली आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम जास्त आढळलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की इथे थर वाढणं रोखलं गेलं. वर्षानुवर्षं बसलेला, कॅल्शियम धरलेला ब्लॉकेज विरघळला, असं या प्रयोगातून निघत नाही.

माणसांवरचा चांगला अभ्यास २०१० चा, तोही सर्क्युलेशनमधलाच. हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेले ४२ रुग्ण. काहींना खरं ईईसीपी, काहींना नुसताच हलका दाब. ३५ बैठकांनंतर खऱ्या उपचाराच्या गटात दंडाच्या धमनीची प्रवाहानुसार फुलण्याची क्षमता ५१ टक्क्यांनी आणि मांडीच्या धमनीची ३० टक्क्यांनी सुधारली. एडीएमए २८ टक्क्यांनी घटलं, वाहिन्या आकुंचित करणारं एंडोथेलिन २५ टक्क्यांनी. हे वाचून मला आशा वाटली, खोटं कशाला सांगू. कोलेस्टेरॉलने अस्तराचं जे नुकसान होतं, त्यातली एक कडी इथे सुटताना दिसते.

लक्षणांबाबत १९९९ ची मस्ट-ईईसीपी चाचणी आहे, १३९ रुग्णांची. व्यायामात ईसीजी बिघडायला लागणारा वेळ वाढला, छातीत दुखण्याचे प्रसंग कमी झाले. मात्र ट्रेडमिलवर चालण्याचा एकूण वेळ खऱ्या उपचाराच्या आणि नुसत्या हलक्या दाबाच्या अशा दोन्ही गटांत वाढला आणि त्यांत ठोस फरक उरला नाही.

आता माझे प्रश्न. ईईसीपी झाल्यावर स्टॅटिन बंद करता येते, याला काही आधार आहे का? माझ्या समजुतीप्रमाणे एलडीएल रक्तातून काढून घेण्याचं मुख्य काम यकृत करतं आणि पट्ट्यांचा दाब तिथे काही करत नाही. बाबांना हे कसं समजवावं? दुसरं, एलडीएल १४२ असताना लगेच ३५ बैठका सुरू कराव्यात की आधी ते खाली आणावं? आणि मधुमेह असलेल्या कोणाला पायांच्या त्वचेचा त्रास झाला का? सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्यांचा आग्रह धरायचा, हेही सांगा.

आभारी आहे.

प्रतिसाद:

मी फिजिशियन आहे. तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे अंतिम शब्द त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टचा.

तुमची समज बरोबर आहे. स्टॅटिन बंद करायला अजिबात आधार नाही. बायपास झालेला, मधुमेह असलेला, पुन्हा अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत भरून येणं) सुरू झालेला रुग्ण अतिउच्च जोखमीत मोडतो. अशांसाठी भारतीय लिपिड असोसिएशन एलडीएल ५० च्या खाली आणायला सांगते, युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं ५५ च्या खाली. १४२ वरून तिथे पोचायला बहुधा जोरदार मात्रेची स्टॅटिन आणि सोबत एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉल कमी करणारी दुसरी गोळी लागेल. ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा रक्त तपासा. गोळीने अंग दुखतं म्हणून त्यांनी सोडली असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं.

वडिलांना समजवताना एवढंच सांगा की यंत्र अस्तरावरचा प्रवाह सुधारतं, गोळी अस्तराखाली शिरणारं एलडीएल कमी करते. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. ज्या धमनीत रोज १४२ एलडीएल वाहतंय, तिथे प्रवाह कितीही सुधारला तरी इजा चालूच राहते. एलडीएल आधी कमी करायला घ्यावं हे माझं मत. पण लक्षणं फार त्रास देत असतील तर दोन्ही बरोबर चालू करायला हरकत नाही, ते एकमेकांच्या आड येत नाहीत.

तपासण्यांबद्दल. इको (हृदयाची सोनोग्राफी) हवाच. महाधमनीची झडप मध्यम किंवा जास्त गळत असेल तर ईईसीपी देत नाहीत, कारण शिथिल काळात वाढलेला दाब ती गळती वाढवतो. पोटाची सोनोग्राफी करून महाधमनीला फुगा नाही ना ते बघा. पायांच्या शिरांत गुठळी नाही आणि पायांच्या धमन्या गंभीरपणे अरुंद नाहीत, हे डॉपलरवर पाहून घ्या. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी ते आवाक्यात आणायचं. ठोके फार अनियमित असतील तर यंत्राचा ताल जुळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सेंटरला आधी सांगा.

आणि अपेक्षा माफक ठेवा. अमेरिकेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, औषधं आणि इतर उपाय पुरे न पडणाऱ्या अँजायनासाठी याला ‘विचार करता येईल’ एवढंच स्थान होतं. तुमच्या वडिलांची परिस्थिती नेमकी तशीच आहे, म्हणून मी नको म्हणत नाही.

प्रतिसाद:

ताई, माझ्या आईला ईईसीपी दिलं होतं, तिलाही शुगर आहे. पहिले काही दिवस मांड्या ठणकायच्या, पोटरीवर एका जागी साल निघाली. पट्ट्याखाली घट्ट, शिवण न टोचणारी पँट घालायला लावा आणि सुरकुती राहू देऊ नका. बैठकीआधी लघवीला जाऊन यायचं, नाहीतर तास काढणं अवघड होतं. रोज घरी आल्यावर पाय नीट तपासा, विशेषतः टाचा आणि बोटांच्या बेचक्या, कारण शुगरवाल्यांना जखम कळतच नाही. आईचं छातीतलं भरून येणं बरंच कमी झालं, देवळाचा चढ आता न थांबता चढते. गोळ्या मात्र सगळ्या चालू आहेत.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली आहे. कबूलही केलं की पोटऱ्या दुखायच्या म्हणून सोडली होती. ते आता कार्डिऑलॉजिस्टना सांगणार आहोत. इको आणि डॉपलरची वेळ घेतली. त्या सेंटरला मी विचारलं की सुरू करण्याआधी इको बघता का. उत्तर नीट मिळालं नाही, म्हणून तिथे जायचं नाही असं ठरवलं.

आता एकच अडचण उरली आहे. सांगली, मिरज किंवा कोल्हापूर भागात कार्डिऑलॉजिस्टच्या देखरेखीखाली, आधी तपासण्या करून मगच ईईसीपी देणारी जागा कोणाला माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा. सात आठवडे बाबांना रोज नेणं-आणणं करायचं आहे, त्यामुळे जवळची असली तर फार बरं होईल.