मदत हवी आहे: शिक्षकांना तासाभरात काय करायला लावू?

सुरंगी

नमस्कार मंडळी,

मालवण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या शिक्षण परिषदेत 'मुले आणि डिजिटल माध्यम' या विषयावर तासभर मार्गदर्शन करा, असं केंद्रप्रमुख साहेबांनी सांगितलंय. बोलेन हो तासभर, पण नुसतं बोलून शाळेत काही बदलत नाही हे आपण सगळेच जाणतो. 'डिजिटल' म्हणजे टीव्हीवर यूट्यूब लावायचं आणि पोरांना समोर मांडी घालून बसवायचं, इथेच गाडी अडलेली. फार तर १५ ऑगस्टच्या भाषणाचा व्हिडिओ. तेही भाषण गुरुजींनीच लिहून दिलेलं.

माझ्या वर्गाचं सांगते. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे आजोबा मंडळी घरी जाळी दुरुस्त करत बसलेली. मुलांना म्हटलं, रापणीबद्दल (सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) त्यांना विचारा आणि फोनवर घेऊन या. एका मुलाने व्हिडिओ घ्यायचं ठरवलं. कॅमेरा बघताच आजोबा आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि "आमच्या गावाला रापणीची फार मोठी परंपरा लाभलेली आहे" असं सत्कारसमारंभातलं बोलायला लागले. नातू कंटाळला. दुसऱ्या दिवशी त्याने फोन बाजूच्या पाटावर ठेवून नुसता आवाज घेतला. सुरुवातच "रे झिला, हो दोर धर मरे आधी" अशी! मग मासळीचे वाटे कसे पडतात, त्यावरून भांडणं कशी होत, हे सगळं अस्सल मालवणीत. वर्गात ज्याचा आवाज आम्हाला क्वचितच ऐकू येतो, त्याच या नातवाने मध्ये मध्ये आपणहून प्रश्न विचारलेत.

हे शिक्षकांपर्यंत कसं पोचवू? बरेच जण म्हणतात, "आम्हालाच एडिटिंग येत नाही, मुलांना काय शिकवणार?" शिवाय पत्र्यावरच्या पावसाने निम्मं रेकॉर्डिंग वाया जातं. आणि फोन ज्याच्या हातात तोच सगळं करतो, बाकीचे बघे. यावर कुणी काही केलंय का?

पागोळी

बाई, मार्गदर्शन करूच नका. मी काही वर्षं नभोवाणीसाठी कामं केली, त्यावरून सांगते. शिक्षकांच्या जोड्या लावा. एकाने खिशातली किंवा पर्समधली एखादी वस्तू काढायची, दुसऱ्याने तिच्याबद्दल विचारायचं. "याबद्दल माहिती सांगा" असा प्रश्न विचारायला बंदी. "ही किल्ली वाकली कशाने?" असं विचारलं की माणूस बोलतो. तुमचे आजोबा दोर हातात आल्यावर सुटले, ते याचमुळे.

दोन मिनिटं रेकॉर्ड करायचं आणि त्यातली फक्त ३० सेकंद ठेवायची. कुठली ठेवायची यावर जोडीत वाद होईल, तो होऊ द्या. मुलांना शिकायचंय ते नेमकं हेच, बटणं त्यांना आपल्याआधी येतात. एडिटिंग येत नसलेल्या गुरुजींना एवढंच सांगा, की तुम्ही फक्त "हे का ठेवलं? ते का काढलं?" विचारत राहा.

पाऊस: फोन तोंडापासून वीतभरावर हवा. पत्र्याच्या पडवीत बसू नका, कौलारू माजघरात बसा, मागे-पुढे गोधड्या टांगा. सुरुवातीला कुणीही न बोलता अर्धा मिनिट नुसता खोलीचा आवाज घेऊन ठेवा, जोडकाम करताना वाक्यांच्या मध्ये घालायला लागतो.

तांबडी_माती

संगणकावर आवाज कापायला-जोडायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर एक मेख आहे. बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग एम४ए या फॉरमॅटमध्ये होतं आणि विंडोजवर ऑडॅसिटी ते एफएफएमपेग हे वेगळं जोड-सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय उघडत नाही. शाळेच्या संगणकावर नेट नसेल तर तिथेच तास संपतो. त्यापेक्षा रेकॉर्डर ॲपच्या सेटिंगमध्ये वेव्ह फॉरमॅट मिळतो का बघा. फाइल मोठी होते, पण थेट उघडते.

आणि नॉइज रिडक्शनवर फार विसंबू नका. पंख्याची एकसुरी घरघर त्याने जाते. पाऊस कमी-जास्त होत राहतो, तो काढायला गेलं की आजोबा पाण्याखालून बोलल्यासारखे वाटतात.

काळा_वाटाणा

मी राजापूरकडचा, हायस्कूलला चित्रकला शिकवतो. आवाजाचं पटलं, पण लाजरी मुलं चित्रातूनही बोलतात हे विसरू नका. आमच्या पोरांनी कातळशिल्पांवर, म्हणजे इथल्या सड्यांवर जमिनीच्या कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांवर केलं. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली तेव्हापासून गावात बाहेरची माणसं येतात, रील काढतात आणि जातात. कशेळीचा हत्ती जवळजवळ १८ मीटरचा, उभ्याने फोटो काढला तर चौकटीत पायसुद्धा धड बसत नाही. मुलांनी शाळेच्या मैदानावर फक्कीने तेवढाच हत्ती आखला आणि रेघ थोडी थोडी वाढवत गच्चीवरून फोटो काढून स्टॉप मोशन केलं. सेकंदाला १२ फोटो धरले तर १० सेकंदांना १२० होतात. आम्ही सेकंदाला ६ वर भागवलं. हत्ती जरा उड्या मारत उमटतो, पण कुणाची तक्रार नाही.

फोनच्या मक्तेदारीवर उपाय: आधी कागदावर काय काय दाखवायचं त्याच्या सहा चौकटी काढायच्या, त्याशिवाय फोन मिळणार नाही. आणि कामं रोज फिरवायची. हे सक्तीने करा, नाहीतर फोन मुलग्यांकडे आणि मुलींना निवेदन, हे ठरलेलं. तुमच्या परिषदेतही बघा, फोन सरांच्या हातात आणि बाई वस्तू दाखवतायत!

खाडीपल्याड

परवानगीचं कुणी बोललं नाही म्हणून. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती धरलेली आहे. पालकसभेत साधं पत्र वाटून सह्या घ्या. आजोबांनाही विचारा, आणि पुरं झालेलं आधी त्यांना ऐकवा. वाट्यांच्या भांडणात कुणा भाऊबंदाचं नाव आलं असेल तर ते कापलेलं बरं, गावातच राहायचंय. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची तर मुळीच घाई नको.

सुरंगी

सगळ्यांचे आभार. नाव आलंय, तेही शेजारच्याच वाडीतलं! कापायचं की नाही हे नातवालाच ठरवायला सांगते, त्याच्या आजोबांसमोर बसून. परिषदेत जोड्यांचं नक्की, साहेबांना तसं कळवलंय. ते म्हणाले, "पण मार्गदर्शनाचा फोटो लागेल अहवालाला." घेऊ.

@तांबडी_माती, मुलांच्या घरचे दोन फोन फारच जुने आहेत, त्यांच्या रेकॉर्डरमध्ये सेटिंगच दिसत नाही. नेट न वापरता एम४ए चं वेव्ह करायची काही सोय आहे का? की एफएफएमपेगच पेनड्राइव्हवर घेऊन जाऊ?

तांबडी_माती

पेनड्राइव्हच बरा. घरून उतरवून न्या, पण त्याआधी शाळेच्या संगणकावर विंडोज ३२ बिट आहे की ६४ आणि ऑडॅसिटीची आवृत्ती कुठली, ते लिहून आणा. चुकीचं नेलंत तर चालणार नाही. इथे टाका, लगेच सांगतो.